दारावरून पुढे गेलेली पाळी

शनिवारी सकाळी दहा वाजता आशिझावा तेत्सुरो यांच्या दारात निवासगृहाची पांढरी गाडी उभी राहिली. दोन माणसं आत गेली आणि थोड्या वेळाने वाकून निरोप घेत बाहेर आली. तेवढ्यात गल्लीभर झालं की आशिझावा घर सोडून अपंगांच्या निवासगृहात राहायला जाणार.

कुवाबारा फुमिए तेव्हा कोपऱ्यावर कचऱ्याची निळी जाळी घडी घालत होती. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून ती पहाटे पसरायची आणि गाडी कचरा घेऊन गेली की काढायची, हे पाळीचं काम. यंदा गल्लीची गटप्रमुख फुमिए होती आणि आज हामुरो आजींच्या पाळीत ती हात लावत होती. आशिझावा सत्तेचाळीस वर्षांचे, जन्मापासून पायांनी अधू. दोन कुबड्यांवर चालत. आई गेल्यापासून एकटेच.

"चला, सोय झाली त्यांची," फुमिए म्हणाली.

"त्यांची की तुमची, गटप्रमुखबाई?" आजींनी विचारलं.

"सकाळी सकाळी टोचू नका हो आजी."

"टोचते. उद्या संध्याकाळी माझी पाळी संपेल. ही पाटी कुणाच्या दाराला लावू?"

फुमिएने जाळीची घडी पुन्हा नीट केली. ज्याची पाळी, त्याच्या दाराला लाकडी पाटी. आठवडा संपला की शेजारच्याची घंटा वाजवून ती त्याच्या हाती द्यायची. आजींच्या शेजारचं घर आशिझावांचं. पण एप्रिलपासून पाटी त्यांना ओलांडून पुढे जात होती. तशी सवलत फुमिएनेच दिली होती.

"ते आभारी आहे म्हणाले होते," ती म्हणाली.

"म्हणणारच. आपल्या गल्लीत तोंडावर नाही म्हटलेलं कधी ऐकलंय तुम्ही? मी सोडून." आजींनी झाडू भिंतीला टेकवला. "मी पाटी द्यायला गेले की ते म्हणायचे, आजी, बाटल्या पुन्हा चुकीच्या दिवशी टाकल्यात. मी म्हणायचे, मग द्या पोलिसात. चहा व्हायचा. आता मी त्यांच्या दारासमोरून मान खाली घालून जाते. त्यांची घंटा वाजवतो तो फक्त सामान पोचवणारा."

"पण त्यांना काही कमी नाही. दाराला उतार केलाय, भत्ता मिळतो…"

"एवढ्यावर माणूस खूश राहत असता, तर तुम्ही गटप्रमुख म्हणून एवढ्या मिरवता कशाला?"

फुमिएला एप्रिलमधली दुपार आठवली. ती केकचा डबा घेऊन गेली होती. आशिझावांनी कुबड्या सावरत विचारलं होतं, "माझं काही चुकलं का?" ती हसून "छे छे" म्हणाली होती. खरं तर दोन घरांनी कुरकुर केली होती की ते जाळी फार उशिरा काढतात. त्या घरांशी बोलायचं तिला जड गेलं. मग तिने तक्रारीला मायेचं वेष्टन घातलं आणि वर स्वतःला भली समजत राहिली. हे कुणाला माहीत नव्हतं. तिला होतं.

रविवारी संध्याकाळी पाटी घेऊन ती आजींबरोबर आशिझावांकडे गेली. घंटा वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आशिझावांनी आधी पाटीकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"काही चुकलं का माझं?"

तोच प्रश्न, तोच आवाज. फुमिए कमरेतून वाकली आणि तिला वर बघवेना. "चुकलं माझं. जाळी उशिरा निघते म्हणून लोक कुरकुरले आणि मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव काढलं. काळजी म्हणून नाही. मला कटकट नको होती."

आशिझावांनी एक कुबडी दाराला टेकवली.

"उशीर व्हायचा, कारण येणारे-जाणारे बोलत थांबायचे," ते म्हणाले. "तो उशीर मला आवडायचा. पावसात मात्र भिजलेली जाळी मला उचलवत नाही. तेवढंच कुणी विचारायला हवं होतं."

"मग पावसात मी…" फुमिएने जीभ चावली. "कसं करायचं, तुम्हीच सांगा."

"बघतो."

"बघतो काय म्हणता," आजी म्हणाल्या, "माझ्या बाटल्या कधीच्या साचल्यात."

ते किंचित हसले. पाटी त्यांनी घेतली.

नागरिकहो, अपंग माणसाला उतार हवा, औषध हवं, पैसाही हवा. पण आपल्यावाचून कुणाचं तरी काही अडतं, हेही त्याला हवं असतं, जसं तुम्हा-आम्हाला. त्याचं ओझं उतरवण्याआधी त्याला विचारा. न विचारता दिलेली सवलत म्हणजे पुष्कळदा सभ्यपणे दाखवलेलं बाहेरचं दार असतं!

सोमवारी पहाटे जाळी पसरलेली होती. तिचं एक टोक दुमडलेलं होतं. फुमिएने ते पाहिलं आणि हात लावला नाही. निवासगृहाने आशिझावांसाठी खोली महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. त्यांनी अजून काहीच कळवलेलं नाही.