कुंभारआळीचा नकाशा

चाकणच्या पुढं, डोंगराच्या उतारावर आंबेदरा गाव आहे. माथ्यावर विद्यापीठ आल्यापासून खालच्या जुन्या आळ्यांत पोरापोरींनी खोल्या घेतल्या. कुंभारआळीत गोजाबाई मात्र एकट्याच राहत. मुलगा थेरगावात स्थायिक झाला होता.

एका सकाळी त्यांना चौकटीवर खडूची खूण दिसली. शेजारच्या भिमाजीच्या दारावरही तशीच होती. माळीआळीत आधी अशाच खुणा झाल्या होत्या, मग कंपन्यांचा रस्ता आला. आता तिथून कंटेनर जातात. त्यांनी ओल्या फडक्यानं खूण पुसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उमटली, तेव्हा त्या दाराआड थांबून राहिल्या आणि खडू नि टेप घेऊन आलेल्या मुलीचा हातच धरला.

"कुणाची गं तू? कुणी धाडलं?"

"आजी, मी प्राजक्ता. वरच्या कॉलेजात आर्किटेक्चरला आहे. जुनी आळी जपायची म्हणून मापं घेतेय."

"मागचेबी असंच गोड बोलले व्हते."

भिमाजी धावत आला. "वैनी, आधी पोरी पुढं करत्यात, मागनं बुलडोझर येतो!"

प्राजक्ताचे डोळे भरले, पण ती पळाली नाही. "शनिवारी प्रदर्शन आहे. तुम्हीच येऊन बघा."

भिमाजी नको म्हणत असतानाही गोजाबाई गेल्या. कॉलेजच्या हॉलच्या भिंतीवर, कागदांवर काढलेलं त्यांचं घर होतं. कोनाडा, ओटा, सासरे चाक फिरवत तो दगडसुद्धा. इतकं हुबेहूब की त्यांना भरून आलं. पण पलीकडं काचेत आळीची छोटी प्रतिकृती मांडलेली होती, आणि त्यात त्यांच्या ओट्यावर छत्र्या नि खुर्च्या होत्या. दारावर इंग्रजी पाटी.

"काय लिवलंय?"

प्राजक्तानं वाचलं. "कॅफे."

"आन मी कुठं हाय?"

प्राजक्ता तिच्या कॉलेजातल्या सरांकडं गेली. ते हसले. "अगं, तुझ्याच मापांवर तर केलंय. नुसता प्रस्ताव आहे. ग्रामसभेपुढं मांडणार आहोत."

तिनं भिंतीवरचे आपले कागद काढायला सुरुवात केली. सर ओरडले, पोरं बघत राहिली. गोजाबाई दारात उभ्या होत्या. हेही नाटक असेल का, असं त्यांच्या मनात आलंच.

ग्रामसभेला प्राजक्ता आली आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, या प्रस्तावात आळी राहील, माणसं राहणार नाहीत.

"हिलाबी कुणी पढवून पाठवलं असंल," भिमाजी म्हणाला.

"असंल," गोजाबाई म्हणाल्या. "पर ती बोलली ते म्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या घरात मीच न्हवते."

मग विरोधात हात वर झाले. आधी कुंभारआळीचे, मागून बाकीचे. प्रस्ताव नामंजूर झाला.

गोजाबाई प्राजक्ताला बसथांब्यापर्यंत सोडायला गेल्या.

"कॉलेजात त्रास देतील का गं तुला?"

"देतील बहुतेक."

"जेवायला येत जा." बस आली तशा त्या पुढं म्हणाल्या, "तू खरी असशील पोरी. पर माझं अजून ठरलं न्हाई."