काचेखालची वेणी

सत्तावीस वर्षं मी कुवेतमधल्या खैतान भागातल्या या दुकानात लोकांचे तुटलेले दागिने जोडतोय. डोळे गेले, मान गेली. तोंड तेवढं अजून धड आहे, पण ते नको तिथे चालतं आणि हवं तिथे मिटून बसतं.

अहमदीहून एक इंग्रज बाई आली. तिथल्या शाळेत शिकवायची, आता नोकरी संपवून कायमची मायदेशी निघालेली. तिने एक जुना ब्रोच पुढे ठेवला. सोन्याचा, कडेने काळा मिना, भोवती राईएवढे मोती. पणजीच्या आईचा, म्हणाली. पिन ढिली झालेली, काच आतून धुरकटलेली. "हळू हाताने करा, मिस्टर हारून," एवढंच सांगून गेली. चेहरा इतका उतरलेला की वाटलं, हिला पाणी तरी विचारावं. विचारलं नाही. मीच कुठे धड होतो!

मागचं झाकण उघडलं आणि हातातला चिमटा खाली पडला. आत केस! बारीक वेणी घालून, दोऱ्याने गाठ मारून, वेटोळं करून बसवलेले. या अल्लाह! आमच्या दापोलीकडे बाया फणीतले केससुद्धा उघड्यावर टाकत नाहीत, कुणाच्या हाती लागले तर करणी करतील म्हणून. माझी चुलतबहीण मेहविश, तिच्या उंबऱ्याखाली असलीच जुडी निघाली होती. वर्षात तिच्या घरातून तीन जनाजे उठले. आणि ही बाई हे छातीवर लावून हिंडतेय? कुणी केलं असेल हिचं वाईट? तरीच तोंडावरची रया गेलीय बिचारीच्या.

शुक्रवारी जुम्याची नमाज पढलो, बस पकडली, वाईटापासून राखणारी आयतुल कुर्सी म्हणत सालमियाच्या किनाऱ्यावर गेलो आणि ते केस समुद्रात सोडले. पन्नास डिग्रीत, आठवड्याच्या एकुलत्या एक सुट्टीला! डोकं ठणकत होतं, पण बरं वाटलं. कुणाचं तरी भलं केलं म्हटलं.

शनिवारी बाईचा फोन आला.

"एक सांगायचं राहिलं. आतल्या केसांना धक्का लावू नका हं."

ती सांगत राहिली. राणी व्हिक्टोरियाच्या काळात त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचे केस असे दागिन्यात जपायचे. बायका घरी बसून त्या केसांच्या वेण्या घालायच्या, फुलं विणायच्या. मोती म्हणजे आसवं. पणजीच्या आईने तिच्या बाळाचे केस ठेवले होते, ते कधीच विरून गेले.

"आता आहेत ते माझ्या मुलीचे. सहा वर्षांची होती. तिच्या अंगाचं तेवढंच उरलंय माझ्याकडे."

"येस मॅडम," मी म्हणालो. येस मॅडम! गाढव मी!

दुकानाचे मालक अबरारशेठ आमच्याच बाजूचे, श्रीवर्धनचे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"आता तोंड बंद ठेव. शेजारच्या लेडीज सलूनमधून तसल्याच रंगाचे केस आण, वेणी घाल, बसव. परवा विमानात बसेल ती. खरं सांगून तिचं काय भलं होणार आहे, सांग मला!"

वाद घालायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता. सलूनमधल्या फिलिपिनो पोरीने हसत हसत केर भरताना मूठभर केस दिले. लाज वाटते सांगायला, वेणी सुरेख जमली.

बाई आली. काचेतून खूप वेळ बघत राहिली. मग ब्रोच ओठांना लावला. "थँक यू," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी काउंटरवरची धूळ पुसत राहिलो. संपलं एकदाचं, असं वाटत होतं.

तिने पर्समधून दुसरं छोटं लॉकेट काढलं, रिकामं.

"यातले अर्धे केस यात बसवून द्याल? तिच्या वडिलांसाठी. आम्ही वेगळे झालो, त्याला पंधरा वर्षं झाली. तो मागत होता, मीच दिले नाहीत. भांडायचाही कंटाळा आला आता. त्याचीही मुलगी होती ना."

"करून टाक रे, दोन मिनिटांचं काम," मागून अबरारशेठ म्हणाले.

मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. तो बाप हे डोळ्यांना लावणार. रोज लावणार. सलूनच्या केरातले केस! छे! बास झालं.

"मॅडम, हे तिचे नाहीत."

मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. करणी, समुद्र, सलून, सगळं. अबरारशेठ आतल्या खोलीत निघून गेले.

बाई ओरडली नाही. ओरडायला हवं होतं तिने, थोबाडीत द्यायला हवी होती. तिने नखाने झाकण उघडलं, वेणी काढली आणि माझ्यासमोर काचेवर ठेवली. दोन्ही रिकाम्या डब्या मिटल्या. त्या पर्समध्ये टाकायलाही तिला वेळ लागला.

"सॉरी, मॅडम," मी म्हणालो. "माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली."

तिने मान हलवली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"काल फोन केला होता त्याला," ती म्हणाली. "आणतेय म्हणून सांगितलं. विमानतळावर घ्यायला येणार आहे तो."