प्रत्येक सुनेने वाचावी

बाईंनी पुस्तक काउंटरवर जवळजवळ आपटलंच.

"हे घ्या परत. आणि ही शिफारस ज्या कुणी केली असेल, त्यांना सांगा, चार दिवस माझ्या घरी येऊन राहा म्हणावं. मग शिकवा लोकांना."

ग्रंथालयात देवघेवीचं काम बघणाऱ्या ताईंनी पुस्तक लगेच ओळखलं. ती शिफारस त्यांचीच होती. इथले कर्मचारी दर महिन्याला नव्या पुस्तकांतलं आपल्या आवडीचं एकेक निवडत, त्यासाठी दोन-चार ओळींचं कार्ड लिहीत, आणि ती पुस्तकं कार्डांसकट दारासमोरच्या फळीवर मांडली जात.

"आवडली नाही का कादंबरी?" ताईंनी विचारलं.

"वाचतंय कोण! नणंदेने नेली इथून. चार पाहुण्यांसमोर माझ्या हातात ठेवली. म्हणाली, प्रत्येक सुनेने वाचावी असं ग्रंथालयानेच लिहून ठेवलंय, वहिनी, वाचा जरा, शिका काहीतरी. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं सगळं मी करते, आणि ही महिन्यातून एकदा येऊन उशी सारखी करून जाते. मी शिकू?"

ताई काही बोलायच्या आत बाई निघूनही गेल्या.

ताई उठून फळीपाशी गेल्या. कार्ड तिथेच होतं, पण अक्षर त्यांचं नव्हतं. 'सेवा आणि त्यागाची हृदयस्पर्शी कहाणी. प्रत्येक सुनेने वाचावी. शिफारस: देवघेव विभाग.'

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लिहिलं होतं, 'ही त्यागाची गोष्ट नाही, संतापाची आहे. आजारी माणसाचं करून करून जिचा जीव विटलाय आणि जिला हे कुणापाशी बोलता येत नाही, तिने वाचावी.' एवढ्या तीन ओळी लिहिताना त्यांनी कितीदा खाडाखोड केली होती! त्यांनीही आपल्या सासूबाईंचं सगळं केलं होतं, अगदी शेवटपर्यंत. लोक म्हणाले, देवमाणूस आहे हो. त्या कादंबरीतली बाई एका दुपारी न्हाणीघराचं दार लावून, तोंडात टॉवेल कोंबून ओरडते. ते पान ताईंनी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. हे आपण सोडून कुणाला माहीत नाही, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

त्या तडक ग्रंथपालांच्या केबिनमध्ये गेल्या. सर नवे होते. नुकतीच बदली होऊन आले होते.

"सर, माझं कार्ड तुम्ही बदललंत?"

"हो, जरा सकारात्मक केलं. संताप, जीव विटला, असले शब्द दारातच नकोत. कुटुंबं येतात आपल्याकडे."

"पुस्तक वाचलंत तुम्ही?"

"चाळलं. मागचा मजकूर वाचला."

"जिच्यासाठी मी लिहिलं होतं, ती आत्ता न वाचता परत देऊन गेली. तुमच्या कार्डामुळे."

"एवढं काय मनाला लावून घेता? शब्दच तर बदलले. शिफारस तुमच्याच विभागाच्या नावावर आहे ना?"

"तेच तर म्हणतेय मी!" ताई म्हणाल्या, आणि दार जरा जोरातच लागलं.

संध्याकाळी घरी चपला काढतात न काढतात तोच नवऱ्याने विचारलं, "आज काही झालं का गं कामावर? तुझ्या सरांचा फोन आला होता."

"तुला?"

"हो. म्हणाले, वहिनी हल्ली थकलेल्या वाटतात, लवकर चिडतात. जरा समजावा."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, बघतो."

"काय बघतोस? मी शाळेत आहे का? प्रगतिपुस्तकावर सही करायला बोलावलंय तुला?"

तो गप्प बसला. आईच्या आजारपणातही तो असाच गप्प बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनकक्षात कार्यक्रम होता. कर्मचाऱ्यांनी वाचकांना नव्या पुस्तकांबद्दल सांगायचं. त्याआधी ताईंनी संदर्भ विभागातल्या भाऊंना आणि बालविभागातल्या मावशींना झालेला प्रकार सांगितला. दोघं फळीपाशी गेले. आपापली कार्डं त्यांनी लावल्यापासून पाहिलीच नव्हती.

"अरे, हा काय चावटपणा आहे!" भाऊ ओरडलेच.

कार्यक्रमात ते पहिले उभे राहिले. "या रहस्यकथेच्या कार्डावर 'थरारक, शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी' असं आहे. ते मी लिहिलेलं नाही. खुनी कोण ते मला अर्ध्यातच कळलं. तरी वाचा, कारण त्या गावातलं प्रत्येक माणूस खोटं का बोलतं, ते फार झकास सांगितलंय." वाचक हसले. मग मावशी म्हणाल्या, "माझ्या पुस्तकाला 'संस्कारक्षम' म्हटलंय. यातली मुलगी थापा मारते, घरातून पळते आणि धमाल करते. म्हणून तर मुलं हे पुस्तक हातातून सोडत नाहीत."

ताई उठल्या, तसे सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "ताई, वेळ कमी आहे."

"मला थोडाच लागेल." त्यांनी आपलं मूळ कार्ड शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. "हे माझं. फळीवरचं सरांचं. सरांनी पुस्तक वाचलेलं नाही. आणि सर, माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. माझा नवरा या ग्रंथालयाचा साधा सभासदसुद्धा नाही."

कुणीच हसलं नाही. सरांचा चेहरा पडला.

सरांनी शिफारशीच बंद केल्या. फळी रिकामी झाली. वाचक कारण विचारू लागले, तेव्हा ताई, भाऊ आणि मावशी प्रत्येकाला एकच सांगत, "सरांना विचारा." केबिनच्या दाराशी रोज कुणी ना कुणी उभं. शेवटी वैतागून सर बाहेर आले आणि म्हणाले, "लावा तुमची कार्डं. मी हात लावणार नाही." चुकलं, असं काही ते म्हणाले नाहीत.

ज्या बाई पुस्तक आपटून गेल्या होत्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. आल्या त्या त्यांच्या नणंदबाई. सभासदत्व त्यांच्याच नावावर होतं. ताईंनी तीच कादंबरी, या वेळी खऱ्या कार्डासकट, त्यांच्यापुढे ठेवली.

नणंदबाईंनी कार्ड वाचलं. भुवया वर गेल्या. "आमच्या वहिनींना वाचायची आवडच नाही हो."

"आवड नाही की सवड नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे एक दिवस आईजवळ तुम्ही बसा. आणि वहिनींना इथे पाठवा. पुस्तक मी बाजूला काढून ठेवते."

"तुम्हाला काय करायचंय आमच्या घरात?" नणंदबाई कडाडल्या, आणि काहीच न नेता निघून गेल्या.

ताईंनी ते पुस्तक फळीवर ठेवलं नाही, आपल्या खुर्चीमागच्या कपाटात ठेवलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, "या, तुम्हाला काय हवंय?"