गावच्या चिंचांचा लिलाव

“अठरा हजार, एक वार,” असं म्हणून ज्ञानूने टेबलावर लाकडी रूळ आपटला. “अठरा हजार, दोन वार.” तिसऱ्यांदा आपटायला त्याने हात उचलला आणि नव्या ग्रामसेविका शेफाली मॅडम म्हणाल्या, “थांबा.”

ज्ञानू ग्रामपंचायतीचा शिपाई. त्याच्या सगळ्या नोकरीत गावच्या चिंचांच्या लिलावात रूळ असा मधेच अडला नव्हता. तो रूळ धरून सरपंच मंगलताईंकडे बघायला लागला आणि मंगलताई पंख्याकडे बघायला लागल्या. जानेवारीचे दिवस होते, पंखा बंद होता.

शेफाली मॅडम दिवाळीनंतर बदलून आल्या होत्या. आधीच्या नेमणुकीच्या गावात त्यांनी ठेकेदारांची रिंग चांगली जवळून पाहिली होती. बाहेर चहाच्या गाडीवर सगळं ठरवून यायचं, आत एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी तोंडात गुळणी धरायची, अशी ती पद्धत. इथे तर हॉल भरलेला. त्यातली निम्मी माणसं जांभळं, हिरडा, करवंदं असल्या मालावर पोट भरणारी. आणि बोली एकच. मागच्या वर्षी एकच, त्याच्या मागच्या वर्षीही एकच, आणि दर वेळी बोलणारी बाईही तीच.

ती बाई पहिल्या रांगेत बसली होती. खुर्शिदा तिचं नाव. इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. शेजारी तिची मुलगी अंजुम, भोरच्या पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली. मॅडमनी लिलाव थांबवला म्हणून खुर्शिदाला वाईट वाटलं नाही. नवीन माणूस आहे, त्याला समजावून सांगावं लागतं, अशा मायेने ती म्हणाली,

“मॅडम, माझ्या अंदाजावर कुणी जात न्हाई. म्या आकडा बोलले की समद्यांना कळतं, ह्याच्या वर गेलं की घाटा.”

हे ती बढाई मारायला म्हणाली नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. झाडं फुलोऱ्यावर आली की खुर्शिदा मान वर करून गावभर हिंडायची. कोणती फांदी धरणार, कोणती नुसतीच मिरवणार, हे ती झाडाखाली उभी राहून सांगायची. भोरचे व्यापारी यंदा चिंच कशी आहे ते तिलाच फोन करून विचारत. चिंचा झोडपून घ्यायच्या, फोडायच्या, चिंचोके वेगळे विकायचे, ह्या धंद्यावर तिने घरावर स्लॅब टाकला, अंजुमला बी. कॉम. केलं. नात्यातल्या लग्नांत कुणी कौतुक केलं, तर ती एवढंच म्हणायची की लिलावात माझ्यापुढे कुणी टिकत नाही.

शेफाली मॅडमनी अटी-शर्तींचा कागद पुढे ओढला. एकाच माणसाची बोली आली तर लिलाव पुन्हा जाहीर करावा लागतो, असं त्यांनी वाचून दाखवलं. उद्या ऑडिटला कुणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल, तुम्हाला नाही, हेही सांगितलं. मग त्यांनी सगळ्या हॉलला सरळच विचारलं, की एवढ्या वर्षांत एकालाही शंभर रुपयेसुद्धा जास्त बोलावेसे कसे वाटले नाहीत?

मंगलताई घाईने उठल्या. मॅडम, जरा आतल्या खोलीत या, मागचं थोडं सांगते, असं पुटपुटत त्यांनी मॅडमच्या खुर्चीला हात घातला. पण गेनबाला ते सहन झालं नाही. गेनबा ग्रामपंचायतीचा जुना सदस्य. आपल्या गावाला कुणी चोर म्हणतंय एवढंच त्याला ऐकू आलं होतं.

“आत कशाला? चोरी न्हाई ह्यात,” तो उभा राहून म्हणाला. “मॅडम, हे गावानं ठरवल्यालं हाय. हिचा नवरा इरफान गेला तवा पारावर बसून ठरवलं, चिंचांच्या लिलावात त्याच्या बायकूवर कुणी बोलायचं न्हाई.”

आणि मग त्याने सगळंच सांगून टाकलं. इरफान पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. एका उन्हाळ्यात गावच्या विहिरीवरची मोटार अडकली, गावाला पाणी नव्हतं. तेव्हाच्या सरपंचांनी फोन करून ‘इरफान, ये रे जरा’ म्हटलं आणि तो हातातला घास टाकून आला. विहिरीत उतरताना त्याचा पाय निसटला आणि तो गेला. नुकसानभरपाईसाठी गावाने खेटे घातले, पण जिथे जावं तिथे एकच प्रश्न, की त्याला काम दिल्याचा आदेश कुठे आहे? करारनामा कुठे आहे? आदेश नव्हता. करार म्हणजे फोनवरचं ते एक वाक्य होतं. कागदोपत्री इरफान ग्रामपंचायतीच्या कामावर नव्हताच. तेव्हा गाव पारावर बसलं आणि तोंडीच दुसरा करार केला, आणि मॅडम, तो आमच्यातल्या एकानेही मोडला नाही, हे शेवटचं वाक्य गेनबाने छाती काढून म्हटलं.

गावाला त्याचा अभिमान वाटावा असंच ते होतं. गेनबाच्या तोंडून ते निघाल्यावर मात्र हॉलमधला प्रत्येक जण आपल्या पायांकडे बघत होता. आपल्याच बोलण्याने काय झालं हे गेनबाला सर्वांत शेवटी कळलं. तो खाली बसला.

रिंग होती, हे तर खरंच निघालं. फक्त असली रिंग कोणत्या परिपत्रकात बसते ते शेफाली मॅडमना सुचेना.

खुर्शिदाने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. मग तिने मागे वळून रांगांवरून नजर फिरवली. एकानेही नजर वर केली नाही. तिला लाज वाटली. दर वर्षी ती ह्याच खुर्चीवर ताठ बसून आकडा सांगायची आणि मागची सगळी माणसं तिला हळूच ओंजळीत धरून उभी असायची. मग तिला राग आला, पण तो काढावा कुणावर? ह्यातल्या कुणीच तिचं वाईट केलं नव्हतं. अंजुमने तिच्या कोपराला धरलं. “अम्मी, चल, घरी जाऊ.”

खुर्शिदा उभी राहिली, पण दाराकडे वळली नाही.

“मॅडम, म्या बोली वाढवते. बावीस हजार.”

ज्ञानूने सवयीने रूळ उचलला आणि ठेवून दिला. मॅडम म्हणाल्या, “अहो, पण तुमच्यावर कुणी बोललेलंच नाही.”

“म्हणून तर. पंचवीस.”

मंगलताई म्हणाल्या, “अगं, बस खाली.” खुर्शिदा बसली नाही. सत्तावीस, म्हणाली. स्वतःवर स्वतःच बोली चढवणारी बाई कुणी आजवर पाहिली नव्हती, आणि पाहवतही नव्हतं. अखेर भिंतीकडेचे सोपानदादा उठले. इरफानला फोन करणारे सरपंच ते हेच. दीक्षाभूमीची तसबीर लावलेला त्यांचा टेम्पो सारोळ्यापासून वेल्ह्यापर्यंत रानमेवा गोळा करत फिरतो. गावच्या चिंचा आधी त्यांच्याकडेच असायच्या. पारावरचा तो ठराव त्यांनीच मांडला होता, आणि सर्वांत जास्त नुकसानही त्यांनीच सोसलं होतं.

“वैनी, बसा,” ते मऊ आवाजात म्हणाले. गेली कित्येक वर्षं ते तिच्याशी ह्याच आवाजात बोलत होते. आजाऱ्याच्या खाटेशी बसून बोलावं तसा तो आवाज होता, हे खुर्शिदाच्या आज लक्षात आलं.

“दादा, माझ्या आदी ह्या चिंचा तुमच्या हुत्या. तुमी बोला.”

“मला न्हाई बोलायचं.”

“का?”

खुर्शिदाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“इरफानचं जे द्यायचं ते तुमी दिलंत. समद्या गावानं दिलं. म्या जल्माची इसरणार न्हाई. पण आता फिटलं, दादा. आता चिंचांचं बोला.”

सोपानदादांनी मॅडमना विचारलं, अनामत आत्ता भरली तर चालेल का? चालेल, म्हणाल्या. त्यांनी मोबाईल काढून भिंतीवरच्या क्यूआर कोडसमोर धरला, पैसे गेल्याचा आवाज झाला, आणि ते जागेवर न जाता टेबलापाशीच थांबले.

“साडेसत्तावीस,” ते म्हणाले.

“तीस.”

“साडेतीस.”

“भीक घातल्यावानी नका बोलू,” खुर्शिदा म्हणाली.

हे मात्र सोपानदादांना लागलं. त्यांची मान ताठ झाली. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला, जणू झाडं समोरच उभी होती.

“पस्तीस.”

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. इतकी वर्षं दाबून ठेवलेला व्यापारी आता जागा झाला होता. सदतीस, म्हणाली खुर्शिदा. एकोणचाळीस, म्हणाले सोपानदादा, आणि आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. खुर्शिदाने डोळे मिटले. शाळेमागची झाडं, गायरानातली, ओढ्याकडची, एकेक झाड तिने मनातल्या मनात हलवून पाहिलं. मजुरी वजा केली, टेम्पोभाडं वजा केलं. अंजुमने ओठ न हलवता “अम्मी, बास” म्हटलं.

“चाळीस,” ती म्हणाली.

“एकेचाळीस.”

“बेचाळीस.”

एवढाच तिचा आकडा होता. ह्याच्या वर गेलं की खरोखरच घाटा. ज्ञानूने एक वार म्हटलं. सोपानदादांनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. दोन वार म्हटलं. सोपानदादांनी तोंड उघडलं, मिटलं. तिसऱ्यांदा ज्ञानूने रूळ असा आपटला की टेबलावरचं पेन खाली पडलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कितीतरी माणसांनी एकदमच श्वास सोडला. शेफाली मॅडमनी करारनामा भरला, अटी एकेक करून वाचल्या, फांद्या तोडायच्या नाहीत, मुदतीत माल उतरवायचा, आणि खुर्शिदाने खाली सही केली. इतक्या वर्षांतली तिची ही पहिली सही होती जिच्यामागे दुसरी बोली होती. तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सोपानदादा हरले, की त्यांनी पुन्हा सोडून दिलं? बेचाळीसला ते थांबले ते हिशेबाने, की तिच्या तोंडाकडे बघून? सोडून दिलं असेल, तर जे मागे चाललं होतं तेच पुढेही चालणार होतं, फक्त जास्त पैसे मोजून. हे विचारणार तरी कसं?

बाहेर आली तेव्हा सोपानदादा टेम्पोचं दार उघडून उभे होते. ती त्यांच्याकडे गेली. अंजुम स्कूटीपाशीच थांबली.

“दादा,” खुर्शिदा म्हणाली.

“येड्यावानी बोललीस तू,” सोपानदादा एकदम म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “एकेचाळीसला सुटायला पायजे हुता माल. वड्याकडच्या झाडाला यंदा काय हाय? चार चिंचा न्हाईत. त्याचं पैसं मोजलंस तू. तुला पदरचं घालावं लागंल, मंग कळंल.”

“वड्याकडच्या झाडाला लई हाय.”

“म्या सकाळीच बगितलंय.”

“रस्त्यावरनं बगितलं आसंल. टेम्पोतनं.” खुर्शिदा शांतपणे म्हणाली. “समदा माल पान्याच्या अंगाला हाय. फांद्या वाकल्यात.”

सोपानदादांनी ओढ्याच्या दिशेला पाहिलं. इथून झाड दिसत नव्हतं. मग ते टेम्पोत चढले, दार धाडकन ओढलं आणि काचेतून तिच्याकडे बोट रोखलं.

“फुडच्या साली बगतो तुला.”

“या की,” खुर्शिदा म्हणाली.

टेम्पो सुरू झाला. सोपानदादांचं घर उजवीकडे होतं. टेम्पो डावीकडे, ओढ्याच्या रस्त्याला वळला.

अंजुम स्कूटी घेऊन जवळ आली. घाबरली होती. “अम्मी, सोपानकाका चिडले का गं?”

“चिडले,” खुर्शिदा म्हणाली. पदर सारखा करून ती मागच्या सीटवर बसली. “लई चिडले.” अंजुमचा बी. कॉम.चा निकाल तिने शेजारणींना दारोदार जाऊन ज्या आवाजात सांगितला होता, तोच तिचा आवाज होता.