कडुबाच्या शेतातली काळी भिंत

मी एक जुनी भिंत आहे. पण मला कुणा गवंड्याने बांधलेले नाही. लासूर स्टेशनजवळ कडुबाच्या शेतात मी आडवी उभी आहे. मित्रांनो, फार पूर्वी इथली जमीन लांबवर तडकली आणि खालून उकळता लाव्हा त्या भेगेतून वर चढला. पुष्कळसा बाहेर पडून पसरला; असे थरावर थर चढून इथले डोंगर झाले. जो भेगेतच थिजला, ती मी. भोवतीचा मऊ दगड झिजून गेला, मी टिकले.

गारखेड्याची विशाखा माझे वय शोधायला आली. ती विद्यापीठात दगडांचा अभ्यास करते. तिने माझ्या वरच्या अंगाचा तुकडा नेला आणि चार महिन्यांनी हिरमुसून परतली. वय मोजतात ते दगडात वर्षानुवर्षे साठत गेलेल्या वायूवरून. ऊनपावसाने माझी साल कुजली होती, तिच्यातला वायू निसटला होता. त्यामुळे मी होते त्याहून कितीतरी लहान ठरले. मला फार वाईट वाटले.

त्यातच ट्रॅक्टर वळवायला माझी अडचण होते म्हणून कडुबाने दगड फोडायचे यंत्र आणले. तीन दिवसांत माझा पूर्वेकडचा भाग गेला. कळताच विशाखा स्कूटीवरून तातडीने आली.

"दादा, जरा थांबा! आतला ताजा दगड आत्ता कुठं उघडा पडलाय. एक तुकडा द्या मला."

"दगडात काय बघायचं, ताई?" कडुबा हसला.

त्याची आई गोजरबाई बांधावरून ओरडली, "दे की रं! पोरगी लई लांबून आलीय."

कडुबाने यंत्र बंद केले. स्वतः घण मारून माझ्या गाभ्याचा तुकडा काढून दिला.

या वेळी वय बरोबर निघाले: सुमारे साडेसहा कोटी वर्षे! विशाखाने त्या तुकड्याची पूड करून तिच्यातली द्रव्येही तपासली. ती द्रव्ये शेताखालच्या दगडाच्या थराशी जुळेनात. जुळली ती दूरच्या डोंगरमाथ्याच्या थराशी. तो लाव्हा माझ्याच वाटेने वर गेला होता.

तिने शेतात येऊन हे सांगितले, तेव्हा कडुबा डोंगराकडे बघतच राहिला. "म्हंजी त्यो डोंगर हितून वर गेला व्हय?"

"त्याचा माथा तरी इथूनच," विशाखा म्हणाली.

गोजरबाईने माझ्यावर हात ठेवला. "मंग ऱ्हाऊ दे हिला. ट्रॅक्टर तिकडून वळव."

दुसऱ्या दिवशी यंत्र परत गेले.

मित्रांनो, मी अर्धीच उरले आहे, पण ताठ उभी आहे. तुमच्या वाटेत असा दगड आडवा आला, तर फोडण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. फोडल्यावर त्याची खडी होते. ती कोणत्या डोंगराची आई होती, हे मग कुणालाच सांगता येत नाही.