पहिली पाळी जिंकते आहे

लेथच्या डोक्यावर खडूचा आकडा नव्हता. ओलं फडकं फिरवल्याचा फिकट फराटा तेवढा... सहदेवनं त्यावर बोट ओढलं, तेल लागलं, ते त्यानं पँटलाच पुसलं. पूर्वी पहिल्या पाळीचा माणूस घरी जाताना यंत्राची सेटिंग तशीच ठेवायचा, वर खडूनं माप लिहून जायचा — ये बाबा, बटण दाब आणि सुरू कर. मुलुंडच्या या पंपांच्या कारखान्यात अकरा वर्षं हे असंच चाललं, कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. आणि तीन महिन्यांत पार वाट लागली!

"आजपण सगळं सैल केलंस?"

त्याच्या पहिल्या पाळीचा लेथवाला काशीराम हात धूत होता. "मग काय, त्यांना आयतं देऊ? तासभर तरी गेला पाहिजे त्यांचा. आपण जिंकतोय, साहेब!"

जिंकतोय म्हणे. आणि ही अक्कल कोणाची? माझीच. जयंतीभाईंना, मालकांना, माल दुप्पट हवा होता आणि आपणच शहाणपणा पाजळला — दोन पाळ्यांत चढाओढ लावा, जास्त माल काढेल त्या पाळीला बक्षीस, तिच्या सुपरवायझरला मॅनेजर करा. भांडुपला कबड्डीचा संघ चालवलेला माणूस मी; वाटलं, ईर्ष्या लागली की माणसं पेटतात. पेटली की! पण गाढवा, इथं यंत्र एक, माल एक, गिऱ्हाईक एक... इथं समोरचा संघ कुठला?

समोरचा म्हणजे लवू. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर, सहदेवच्याच बरोबर एका दिवशी कामाला लागलेला, त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीच्या बाळंतपणात रात्रभर इस्पितळात बसलेला लवू. गेलेला तास भरून काढायला त्याची माणसं घाईनं सेटिंग लावत होती आणि शाफ्टमागून शाफ्ट बाद होत होते. या महिन्यात सुधारला नाहीस तर घरी बस, असं जयंतीभाईंनी त्याला सोमवारीच सुनावलं होतं.

तीनचा भोंगा झाला. लवू आला, सैल करून ठेवलेल्या लेथकडे पाहून थांबला. "सहदेव, हे कोण करतं रे?"

उत्तर द्यायच्या आत जयंतीभाईच केबिनमधून खाली उतरले. "काय सहदेव, तू सांग. तुझा माल बरोबर, याचाच कसा बिघडतो?"

काशीराम सैल करतो आणि मी ते रोज बघतो. एवढंच तर वाक्य. जिभेवर आलंसुद्धा... आणि मग मॅनेजरची ती काचेची केबिन आठवली, हे मॅनेजर होणार असं रुक्मिणीनं शेजारी आधीच सांगून ठेवलेलं आठवलं.

"बघतो, जयंतीभाई. लक्ष घालतो."

लवूनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग तो पाना उचलून लेथवर वाकला.

सहदेवला भयंकर राग आला — काशीरामचा, त्या नुसते आकडे मागणाऱ्या जयंतीभाईंचा, आणि लवूचासुद्धा. भांडत का नाही हा मेला, एक शिवी तरी हासड! तो तरातरा दाराकडे निघाला. दारात थांबून त्यानं मागं पाहिलं. लवू अजून पहिलाच नट आवळत होता. आज तासाऐवजी सव्वा तास जाईल यांचा... हा हिशेब मनात झालाही होता, आणि त्यानं बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. सहदेव तिथंच उभा राहिला. घरी जायला पाय उचलेना, परत आत जायलाही.