मशीन सापडत नाही

मित्रांनो, आधी पासवर्ड सांगा, मग बोलू. रागावू नका, ही माझी जुनी खोड आहे. मी क्रांती चौकाजवळच्या एका ड्रॉइंग ऑफिसातला बारा वर्षांचा कॉम्प्युटर आहे, आणि माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही.

माझे मालक कारभारीशेठ मूळचे देवगाव रंगारीचे. शेती भावांवर सोपवून त्यांनी शहरात ऑफिस टाकलं. कारखान्यांना लागणाऱ्या सुट्या भागांची ड्रॉइंग इथं काढली जातात. मी खोक्यातून बाहेर आलो त्या दिवशी माझ्या कपाळाला कुंकू लागलं, नारळ फुटला आणि माझं नाव ठेवलं गेलं, औरंगाबाद-२. माझा थोरला भाऊ, एक नंबर, केव्हाच भंगारात गेला.

ड्रॉइंगचं महागडं सॉफ्टवेअर फक्त माझ्यात. म्हणून काय माझे लाड! नऊ वर्षांपूर्वी करुणा कामाला लागली आणि माझं नशीबच उघडलं. पंपाचा बारीकसा वॉशर असो की भलीमोठी फ्रेम, तिची रेघ कधी चुकली नाही. रोज आल्याआल्या ती ओढणीच्या टोकानं माझा पडदा पुसायची. पाहुणे आले की शेठ माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "लई गुणी मशीन हाय." करुणा शेजारीच बसलेली असायची, पण तिला कुणी काही म्हणत नसे. मला तेव्हाही ते खटकायचं.

मग तिच्या आईच्या, चंपाबाईंच्या पायाचं ऑपरेशन झालं. पडेगावच्या घरी त्यांच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. करुणानं विनंती केली, "शेठ, मी घरून करते काम. घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचं मशीन चालवता येतं."

शेठनी हो म्हटलं, पण तोंड वाकडं करून. आता गंमत ऐका. तिचा लॅपटॉप दुरून मला नावानं हाक मारायचा, मी पासवर्ड विचारायचो, तो बरोबर निघाला की दार उघडायचो. पण ती आत शिरली, की ऑफिसातला माझा पडदा आपोआप कुलूपबंद व्हायचा. ती सकाळपासून माझ्या पोटात रेघा ओढत असायची आणि शेठना समोर नुसतं कुलपाचं चित्र दिसायचं.

"माऊली, हिथं तर काहीच हलंना. ही पोरगी करते तरी काय दिवसभर?" शेठ विचारायचे.

माऊलीकाका म्हणजे ऑफिसचे जुने कारकून. पत्रं, शिक्के, चहा, सगळं त्यांच्याकडे. ते म्हणायचे, "काय की बुवा. तिला पुण्याच्या कुठल्या कंपनीचा फोन आलता म्हणत्यात." त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण तेवढं वाक्य शेठच्या डोक्यात जाऊन बसलं. ती काम करत होती हे एकट्या मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

असे दोन महिने गेले. एका रविवारी दुपारी ऑफिस बंद असताना मला मोठा अपडेट आला. मी झोपलो, उठलो, पुन्हा झोपलो, पुन्हा उठलो. सोमवारी सकाळी करुणाचा फोन आला.

"शेठ, मशीन सापडत नाही असं दाखवतंय."

"सापडत नाय? अगं, माझ्यासमोर बसलंय की ते! पळून गेलं व्हय?"

"अपडेटमुळं काहीतरी झालं असेल."

"तुला बरं कळलं अपडेट आला म्हणून!"

झालं! तिनं काय केलं नाही? काकांना फोनवर सांगून, दुरून कुणाला आत घेण्याची माझी परवानगी चालू आहे का ते तपासलं. फायरवॉल पाहिली. नेटवर्क घरचं आहे की बाहेरचं, ते पाहिलं. सगळं जागच्या जागी. मीही वाट पाहत होतो, पण मला हाकच येईना. खोटं कशाला बोलू, बुधवारी माझ्याही मनात पाल चुकचुकली. ही खरंच पुण्याला गेली की काय? नऊ वर्षं जिनं मला पुसलं, तिच्याबद्दल मी असा विचार केला. आजही मला त्याची लाज वाटते.

त्याच दुपारी शेठनी काकांकडून माझ्यावरच एक पत्र टाइप करून घेतलं. 'आपल्यावरील विश्वास उडाल्याने एक तारखेपासून आपण कामावर येऊ नये.' अपडेटनंतर प्रिंटरही रुसला होता, म्हणून ते कागदावर उतरलं नाही. माझ्या पडद्यावर उघडंच राहिलं.

शेठ बाहेर जाताच काकांनी हळूच फोन लावला. "ताई, काहीतरी कर गं. उद्या लई उशीर होईल."

करुणा म्हणाली, "काका, सेटिंगमध्ये मशीनचं नाव असतं बघा. जसं दिसतंय तसं वाचा."

काका चष्मा सावरून वाचू लागले. "एस... ए... एम... बी..."

"काका! हे नाव कुणी बदललं?"

"मीच की. शहराचं नाव बदललं, तवा शेठ म्हणले, जिथं जिथं जुनं दिसेल तिथं नवं कर. पाटी केली, शिक्का केला, लेटरहेड केलं. हे बिचारं राहिलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी त्याचंबी करून टाकलं. ते म्हणलं, बंद करून चालू केल्यावर लागू होईल. म्हणलं होऊ दे सावकाश."

बघा, मित्रांनो! अपडेटनं मला बंद करून चालू केलं आणि नवं नाव लागू झालं. ती पोरगी तीन दिवस पडेगावहून मला 'औरंगाबाद-२' म्हणून हाका मारत होती, आणि मी संभाजीनगर-२ होऊन बहिऱ्यासारखा बसलो होतो.

तिनं नवं नाव टाकलं. मी पासवर्ड विचारला आणि दार उघडलं. समोरच ते पत्र होतं.

माऊसचा बाण त्याच्या ओळीवरून फिरला. मग तिनं पत्र बाजूला सारलं, राहिलेलं ड्रॉइंग पुरं केलं, आणि जाताना पत्राखाली एकच ओळ लिहिली. 'मशीनचं नाव तुमच्या सांगण्यावरून बदललं, शेठ. मला कुणी सांगितलं नाही.'

सकाळी शेठनी ते वाचलं. काकांकडे पाहिलं, काकांनी मान खाली घातली. शेठनी फोन उचलला. मला वाटलं, आता ओरडणार.

"करुणा," ते म्हणाले, "मायचा पाय कसा हाय आता?"

दोन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. पलीकडून आवाज आला, "बरा आहे शेठ. काल चार पावलं चालली."

फोन ठेवून शेठनी ते पत्र पुसायला घेतलं. मी सवयीनं विचारलं, नक्की काढायचं? त्यांनी 'होय' दाबलं.

मित्रांनो, मी आता थकलोय, पंखा कुरकुरतो, उद्या मलाही भंगारवाला नेईल. माझं नाव हवं तितक्यांदा बदला, माझी तक्रार नाही. पण जी माणसं मला दुरून हाक मारतात, त्यांना तेवढं कळवत जा. आणि कुणी म्हणालं 'सापडत नाही', तर त्याला खोटं ठरवण्याआधी एकदा विचारा, तू कुठल्या नावानं हाक मारतोयस?